मियामोतो मुसाशी

मियामोतो मुसाशी (जन्म : इ.स. १५८४ च्या सुमारास, मृत्यू : १३ जून १६४५, कुमामोतो) हे जपानमधील सामुराई, खड्गविद्येचे आचार्य, चित्रकार आणि ग्रंथकार होते. एका हाती लांब व दुसऱ्या हाती आखूड अशा दोन तलवारी एकाच वेळी चालविणाऱ्या 'नितेन इचि-र्यू' या घराण्याचे ते प्रवर्तक मानले जातात. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी लिहिलेला 'गोरिन नो शो' (पंचचक्रांचा ग्रंथ) हा युद्धशास्त्रावरील ग्रंथ आजही जगभर वाचला जातो. साठांहून अधिक द्वंद्वांत ते एकदाही हरले नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे.

मुसाशी यांच्याविषयी जेवढे प्रसिद्ध आहे, त्या मानाने निश्चितपणे ज्ञात असलेले फार थोडे आहे. त्यांच्या नावाशी जोडलेले बहुतेक रोमहर्षक प्रसंग त्यांच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांतून, नाटकांतून आणि विसाव्या शतकातील एका कादंबरीतून लोकमानसात रुजले. लोककथेतील मुसाशी एकोणतिसाव्या वर्षी कीर्तीच्या शिखरावर पोहोचतो आणि कथा तेथेच संपते. स्वतः मुसाशी यांनी मात्र आपल्या खऱ्या विद्येचा आरंभ त्याच सुमारास झाल्याचे नमूद केले आहे. त्यामुळे त्यांचे चरित्र पाहताना कोणती हकिगत कोणत्या साधनातून आली, हे प्रत्येक टप्प्यावर तपासावे लागते.

चरित्राची साधने

मुसाशी यांच्या जीवनाविषयीची साधने ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिले साधन म्हणजे स्वतः मुसाशी यांचे लेखन. 'गोरिन नो शो'च्या प्रारंभी त्यांनी अवघ्या काही ओळींत आत्मवृत्त दिले आहे. याखेरीज त्यांची काही पत्रे व लहान प्रकरणे उपलब्ध आहेत.

दुसरे साधन त्यांचे दत्तक पुत्र मियामोतो इओरी यांनी १६५४ मध्ये, म्हणजे मुसाशी यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, कोकुरा येथील तामुके टेकडीवर उभारलेला शिलालेख होय. चिनी लिपीतील हजाराहून अधिक अक्षरांच्या या लेखात प्रमुख द्वंद्वांचे वर्णन आहे. काळाच्या दृष्टीने तो जवळचा असला, तरी पुत्राने पित्याच्या गौरवार्थ कोरविलेला असल्याने त्यातील मजकूर सावधपणे स्वीकारावा लागतो.

तिसऱ्या प्रकारात पुढील काळातील वृत्तान्त येतात. त्यांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेला 'नितेनकी' हा ग्रंथ १७७६ च्या सुमारास कुमामोतो येथील तोयोदा घराण्यात सिद्ध झाला. मराठी वाचकांस परिचित शब्द वापरायचा, तर ही एक बखरच आहे. गुरुपरंपरेविषयी नितांत आदर, ऐकीव कथांचा मुक्त संग्रह आणि नाट्यमय संवाद ही तिची लक्षणे आहेत. लोकप्रिय चरित्रातील बहुतेक तपशील याच ग्रंथातून आले आहेत.

नाव, जन्म आणि घराणे

जपानी पद्धतीनुसार 'मियामोतो' हे कुलनाम आणि 'मुसाशी' हे व्यक्तिनाम होय. बालपणी त्यांना बेन्नोसुके म्हणत, असे परंपरा सांगते. ग्रंथारंभी त्यांनी स्वतःचा उल्लेख 'शिन्मेन मुसाशी नो कामी, फुजिवारा नो गेन्शिन' असा केला असून आपण हारिमा प्रांतातील योद्धा असल्याचे म्हटले आहे. मुसाशी हे नाव ज्या चित्राक्षरांनी लिहितात, त्यांचा उच्चार 'ताकेझो' असाही होऊ शकतो. कादंबरी व चित्रपटांत त्यांच्या तरुणपणासाठी हेच नाव योजलेले आढळते.

जन्मवर्षाची गणना त्यांच्याच विधानावर आधारलेली आहे. १६४३ साली ग्रंथलेखन आरंभिताना आपले वय साठ असल्याचे त्यांनी लिहिले आहे. जुन्या जपानी प्रथेत जन्मतःच मूल एक वर्षाचे मानीत आणि प्रत्येक नववर्षदिनी वयात एक वर्ष वाढवीत. या हिशेबाने जन्म १५८४ मध्ये येतो. वंशजांच्या एका वंशावळीत मात्र १५८२ हे वर्ष दिले आहे. या लेखातील मुसाशी यांची वये जुन्या जपानी प्रथेनुसार, म्हणजे चालू वर्ष धरून, दिली आहेत.

जन्मस्थळाबाबतही मतभेद आहेत. मिमासाका प्रांतातील मियामोतो हे गाव (सध्याच्या ओकायामा प्रीफेक्चरमध्ये) आणि हारिमा प्रांतातील (सध्याच्या ह्योगो प्रीफेक्चरमधील) एकाहून अधिक गावे हा मान सांगतात. कादंबरीमुळे मिमासाका अधिक प्रसिद्ध झाले असले, तरी मुसाशी यांचे स्वतःचे शब्द हारिमाच्या बाजूने आहेत.

त्यांचे वडील शिन्मेन मुनिसाइ हेही नावाजलेले शस्त्रविद्याचार्य होते. तलवारीचा वार अडविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'जित्ते' या आकडा असलेल्या लोखंडी दांडक्याच्या विद्येत ते निपुण होते. शोगुन आशिकागा योशिआकी यांच्यासमोर योशिओका घराण्यातील योद्ध्याशी तीन सामने खेळून त्यांनी दोन जिंकले, असे कोकुरा शिलालेखात नमूद आहे. मुसाशी हे मुनिसाइ यांचे औरस पुत्र होते की दत्तक, हा प्रश्न अभ्यासकांमध्ये वादाचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुसाशी यांचा जन्म झाला, तेव्हा जपानमधील शतकाहून अधिक काळ चाललेले सरंजामदारांचे आपसांतील युद्ध अंतिम टप्प्यात होते. १६०० साली सेकिगाहारा येथील लढाईत तोकुगावा इएयासू यांचा पक्ष विजयी झाला, १६०३ मध्ये ते शोगुन झाले आणि १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडल्यावर त्यांच्या घराण्याला प्रतिस्पर्धी उरला नाही. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे देशात मोठे युद्ध झाले नाही.

या शांततेने सामुराईंपुढे विलक्षण पेच निर्माण केला. पराभूत सरंजामदारांचे हजारो योद्धे धनी गमावून 'रोनिन' झाले. रणांगण नाहीसे झाल्यावर शस्त्रविद्येला आश्रय मिळविण्याचे मार्ग दोनच उरले : द्वंद्वात नाव कमावणे किंवा एखाद्या सरंजामदाराच्या पदरी गुरू म्हणून राहणे. देशभर हिंडून प्रतिस्पर्ध्यांना आव्हान देण्याची ही प्रथा 'मुशा शुग्यो' म्हणून ओळखली जाते. मुसाशी यांचे तारुण्य याच प्रथेत गेले.

सेकिगाहारा येथे मुसाशी पराभूत पश्चिम पक्षाकडून लढले आणि प्रेतांच्या खचातून जिवंत बाहेर पडले, अशी कथा सर्वश्रुत आहे. तिला समकालीन पुरावा नाही. मुनिसाइ यांचे नाव कुरोदा घराण्याच्या सेवकांच्या यादीत आढळते आणि हे घराणे पूर्व पक्षाचे होते. त्यावरून मुसाशीही त्या वेळी क्यूशू बेटावर विजयी पक्षात असावेत, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. १६१५ च्या ओसाका मोहिमेत ते तोकुगावा पक्षाच्या मिझुनो कात्सुनारी यांच्या दळात होते, हे दळाच्या नामावलीवरून दिसते.

द्वंद्वे

आरंभीची द्वंद्वे

मुसाशी यांनी ग्रंथात आपल्या केवळ दोन प्रतिस्पर्ध्यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. तेराव्या वर्षी त्यांनी शिन्तो-र्यू घराण्याच्या आरिमा किहेइ यास हरविले आणि सोळाव्या वर्षी ताजिमा प्रांतातील आकियामा नावाच्या बलाढ्य योद्ध्यास. एकविसाव्या वर्षी आपण राजधानीस गेलो, तेथे देशातील नामांकित खड्गधरांशी सामने झाले व एकदाही अपयश आले नाही, एवढेच ते पुढे सांगतात. तेरा ते अठ्ठावीस-एकोणतीस या वयात झालेल्या द्वंद्वांची साठांहून अधिक ही संख्याही त्यांनीच दिली आहे. तिला दुजोरा देणारी स्वतंत्र नोंद उपलब्ध नाही.

योशिओका घराणे

राजधानीतील, म्हणजे क्योतो येथील, प्रतिस्पर्धी योशिओका घराण्याचे होते, हे कोकुरा शिलालेखावरून समजते. हे घराणे आशिकागा शोगुनांचे शस्त्रशिक्षक म्हणून प्रतिष्ठा पावलेले होते. शिलालेखानुसार घराण्याचा प्रमुख सेइजुरो याच्याशी नगराबाहेर रेन्दाइनो येथे सामना झाला आणि मुसाशी यांनी लाकडी तलवारीच्या एका आघातात त्यास पाडले. नंतर त्याचा भाऊ देन्शिचिरो प्रचंड लाकडी तलवार घेऊन आला. मुसाशी यांनी तीच हिसकावून त्याला ठार केले. अखेर सूड घेण्यासाठी मातासिचिरो याच्यासह शेकडो शिष्य नगराबाहेरील एका पाइन वृक्षापाशी जमले असता मुसाशी यांनी एकट्याने त्यांची वाताहत केली.

योशिओका घराण्याची बाजू १६८४ च्या 'योशिओका-देन' या ग्रंथात आहे आणि ती अगदी वेगळी आहे. तिच्यानुसार पहिल्या सामन्यात मुसाशी यांच्या कपाळातून रक्त वाहू लागले. कोणी योशिओकाचा विजय मानला, कोणी सामना बरोबरीत सुटल्याचे म्हटले. पुढील सामन्यास मुसाशी आलेच नाहीत. भावांची नावेही या ग्रंथात निराळी आहेत. दोन्ही वृत्तान्त आपापल्या घराण्याच्या अभिमानाने लिहिलेले असल्यामुळे, सामना झाला होता यापलीकडे निर्णायक विधान करणे कठीण आहे.

गान्र्यू बेटावरील द्वंद्व

होन्शू व क्यूशू या बेटांमधील सामुद्रधुनीत फुनाशिमा नावाचे लहानसे बेट आहे. येथे झालेले द्वंद्व जपानच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध द्वंद्व मानले जाते. 'नितेनकी'नुसार ते १६१२ सालच्या चौथ्या चांद्र महिन्याच्या तेराव्या दिवशी झाले.

लोकप्रिय कथा पुढीलप्रमाणे आहे. सासाकी कोजिरो हा असामान्य लांबीची तलवार वापरणारा, उडत्या पाकोळीलाही छेदणाऱ्या वाराबद्दल गाजलेला खड्गधर होता. द्वंद्वाच्या सकाळी मुसाशी हेतुपुरस्सर उशिरापर्यंत झोपून राहिले आणि होडीत बसून वल्ह्याची लाकडी तलवार तासत बेटावर पोहोचले. वाट पाहून संतापलेल्या कोजिरोने तलवार उपसून म्यान फेकून दिले. जिंकणारा म्यान टाकत नाही, अशा अर्थाचे बोलून मुसाशी यांनी त्याला डिवचले आणि एका घावात त्याचे मस्तक फोडले.

या कथेचे जुने रूप शिलालेखात आहे. तेथे प्रतिस्पर्ध्याचे नाव केवळ 'गान्र्यू' असे असून त्याची तलवार तीन शाकू, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटर, लांब असल्याचे म्हटले आहे. मुसाशी यांनी लाकडी तलवारीने त्याला मारले, हेही तेथे आहे. मात्र दोन्ही वीर एकाच वेळी बेटावर आल्याचे शिलालेख सांगतो. विलंबाने येण्याची गोष्ट त्यात नाही. 'सासाकी' हे आडनावही पुढे अठराव्या शतकातील रंगभूमीवरून प्रचारात आले. कोजिरोच्या वयाविषयी तर, तो अठरा वर्षांचा तरुण होता येथपासून तो उतारवयाचा होता येथपर्यंत, सर्व मते आढळतात.

तिसरा वृत्तान्त सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. समोरच्या किनाऱ्यावरील मोजी किल्ल्याचे अधिकारी नुमाता नोबुमोतो यांच्या घराण्यात १६७२ मध्ये सिद्ध झालेल्या 'नुमाता काकी' या कुलवृत्तान्तानुसार, तंटा प्रथम दोघांच्या शिष्यांमध्ये आपापल्या गुरूच्या श्रेष्ठत्वावरून जुंपला होता. द्वंद्वास शिष्यांनी येऊ नये असे ठरले. कोजिरोने ते पाळले. मुसाशी यांचे काही शिष्य मात्र बेटावर दडून बसले होते. मुसाशी यांच्या घावाने कोजिरो पडला, तरी मेला नव्हता. तो शुद्धीवर येताच या शिष्यांनी त्याला ठार केले. हे कळताच कोजिरोचे शिष्य सूडासाठी बेटाकडे निघाले आणि मुसाशी यांनी मोजी किल्ल्यात आश्रय घेतला. तेथून त्यांना बंदूकधारी पहाऱ्यात बुंगो प्रांतात वडिलांकडे पोहोचविण्यात आले.

हा वृत्तान्त द्वंद्वानंतर साठ वर्षांनी लिहिला गेला असला, तरी 'नितेनकी'पेक्षा तो शंभर वर्षांनी जुना आहे आणि नुमाता घराण्याला मुसाशी यांची निंदा वा स्तुती करण्याचे उघड कारण दिसत नाही. म्हणून अभ्यासक त्याला महत्त्व देतात. स्वतः मुसाशी यांच्या ग्रंथात गान्र्यूचे नाव नाही आणि या द्वंद्वाचा उल्लेखही नाही. ज्या विजयासाठी जग त्यांना ओळखते, त्याविषयी त्यांनी पूर्ण मौन पाळले आहे. बेटाचे रूढ नाव मात्र विजेत्यावरून पडले नाही. पराभूत वीराच्या नावाने ते 'गान्र्यूजिमा', म्हणजे गान्र्यूचे बेट, म्हणून ओळखले जाते.

तिशीनंतरचे आत्मपरीक्षण

'गोरिन नो शो'च्या प्रास्ताविकात मुसाशी यांनी आपल्या विजयांविषयी जे लिहिले आहे, ते विजयी योद्ध्याच्या लेखणीतून क्वचितच येते. तिशी ओलांडल्यावर मागे वळून पाहता आपल्याला असे दिसले, की ते विजय विद्या पूर्ण साधल्यामुळे मिळाले नव्हते. कदाचित उपजत कौशल्य असेल, कदाचित दैव अनुकूल असेल, कदाचित प्रतिस्पर्ध्यांच्या घराण्यांची विद्याच अपुरी असेल, असे ते म्हणतात. त्यानंतर आपण अधिक खोल तत्त्वाच्या शोधात रात्रंदिवस अभ्यास केला आणि पन्नाशीच्या सुमारास ते हाती आले, असे त्यांचे निवेदन आहे.

विजय म्हणजे ज्ञानाचा पुरावा नव्हे, हा या परिच्छेदाचा आशय आहे. ज्या समाजात योद्ध्याची योग्यता त्याने किती जणांना पाडले यावर ठरे, त्या समाजात सर्वाधिक विजय मिळविणाऱ्याने हे लिहिले, यात त्याचे महत्त्व आहे. या काळानंतर मुसाशी यांच्या प्राणांतिक द्वंद्वांच्या हकिगती विरळ होत जातात. नंतरच्या सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यास इजा न करता केवळ निरुत्तर केल्याच्या कथा परंपरेत आढळतात.

उत्तरायुष्य

१६१५ नंतर मुसाशी हारिमा प्रांतातील सरंजामदारांच्या आश्रयाने राहिले. ते कोणाचेही पूर्णवेळ सेवक झाले नाहीत. पाहुणा म्हणून सन्मानाने राहण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. आकाशी येथे ओगासावारा तादाझाने यांनी नवा किल्ला व नगर वसविले, तेव्हा नगराच्या आखणीत व उद्यानांच्या रचनेत मुसाशी यांचा सहभाग असल्याचे सांगितले जाते.

त्यांनी विवाह केल्याचा पुरावा नाही. त्यांनी पुत्र दत्तक घेतले. पहिला पुत्र मिकिनोसुके हिमेजी येथील होन्दा तादातोकी यांच्या सेवेत होता. १६२६ मध्ये धन्याचा अकाली मृत्यू झाल्यावर त्याने तत्कालीन प्रथेनुसार धन्यामागे आत्मार्पण केले. दुसरा पुत्र इओरी हा ओगासावारांच्या सेवेत विशीतच उच्च पदास पोहोचला. १६३२ मध्ये ओगासावारांची बदली कोकुरा येथे झाली, तेव्हा मुसाशीही क्यूशू बेटावर गेले.

१६३७–३८ मध्ये शिमाबारा येथे जाचक करांनी गांजलेल्या व बहुतांशी ख्रिस्ती असलेल्या शेतकऱ्यांनी उठाव केला. तो मोडण्यासाठी गेलेल्या सैन्यात मुसाशी होते. किल्ल्याच्या तटावरून बंडखोरांनी फेकलेल्या दगडाने आपल्या नडगीला मार बसल्याचे त्यांनी आरिमा नाओझुमी या सरंजामदारास लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. कथेत अजिंक्य ठरलेल्या या योद्ध्याच्या स्वहस्ताक्षरात नोंदलेली दुखापत अशी एका अनाम बंडखोराच्या दगडाने झालेली आहे.

१६४० मध्ये कुमामोतो येथील सरंजामदार होसोकावा तादातोशी यांनी त्यांना आमंत्रित केले. येथे त्यांना ३०० कोकूंची तैनात मिळाली. कोकू हे तांदळाचे माप असून एका माणसास वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. तादातोशी यांच्यासाठी मुसाशी यांनी १६४१ मध्ये युद्धविद्येवर पस्तीस कलमांचे एक प्रकरण लिहून दिले. त्याच वर्षी तादातोशी यांचे निधन झाले.

गोरिन नो शो

१६४३ च्या दहाव्या चांद्र महिन्यात, दहाव्या दिवशी पहाटे, कुमामोतोजवळच्या इवातो डोंगरावर मुसाशी यांनी ग्रंथलेखनास आरंभ केला. तेथील रेइगान्दो ही गुहा या लेखनाशी निगडित मानली जाते. आरंभी त्यांनी आकाशाला वंदन केले व कान्नोन देवतेपुढे नतमस्तक झाले. कान्नोन म्हणजे बौद्ध परंपरेतील बोधिसत्त्व अवलोकितेश्वर होय. महाराष्ट्रातील कान्हेरी व अजिंठा येथील लेण्यांत त्याच्या मूर्ती कोरलेल्या आहेत.

ग्रंथाचे पाच विभाग पाच महाभूतांच्या नावांनी ओळखले जातात. पंचमहाभूतांची ही कल्पना भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानमध्ये पोहोचली. नावे अशी उसनी असली, तरी बौद्ध वा कन्फ्यूशियन ग्रंथांची भाषा आणि जुन्या युद्धकथा यांचा आधार आपण घेणार नाही, असे मुसाशी यांनी आरंभीच स्पष्ट केले आहे. विभागांचा आशय संक्षेपाने असा :

- भूमी : युद्धविद्येचे सामान्य स्वरूप. योद्ध्याची तुलना सुताराशी केली आहे. मुख्य सुतार जसा प्रत्येक लाकडाचा गुण ओळखून त्याची जागा ठरवितो व कारागिरांना त्यांच्या कुवतीप्रमाणे काम देतो, तसे सेनानायकाने करावे. प्रत्येक गोष्टीस स्वतःची लय असते व ती ओळखण्यातच विद्येचे मर्म आहे, हा विचार येथेच येतो.
- जल : मुसाशी यांच्या घराण्याचे प्रत्यक्ष तंत्र. उभे राहण्याची ढब, नजर, तलवारीची पकड, पदन्यास आणि पाच पवित्रे यांचे विवेचन.
- अग्नी : प्रत्यक्ष लढत. सूर्य पाठीशी ठेवणे, प्रतिस्पर्ध्याची लय बिघडविणे, त्याचा हेतू आधी ओळखणे इत्यादी. एकाशी लढणे व हजारांशी लढणे यांचे तत्त्व एकच, असे प्रतिपादन.
- वायू : अन्य घराण्यांची चिकित्सा. जपानी भाषेत वायूसाठीचा शब्द 'पद्धती' किंवा 'ढंग' या अर्थानेही वापरतात. त्या श्लेषावरून हे नाव दिले आहे. अतिलांब तलवारीवरील भिस्त, केवळ बळ किंवा वेग यांचा आग्रह आणि डावपेचांची भारंभार संख्या यांवर येथे टीका आहे. कोणत्याही घराण्याचे नाव मात्र घेतलेले नाही.
- आकाश (शून्य) : अत्यंत संक्षिप्त समारोप. ज्ञात गोष्टी पूर्ण जाणल्यावरच अज्ञाताची जाणीव होते. गोंधळालाच शून्य समजणे ही चूक होय, असा त्याचा रोख आहे.

ग्रंथाची भाषा रोखठोक आहे. जागोजागी या मुद्द्यावर नीट विचार करावा, त्याचा सराव करावा, असे बजावले आहे. दोन तलवारींच्या आग्रहामागील त्यांचा युक्तिवादही व्यवहारी आहे. सामुराई कमरेला दोन तलवारी बाळगतो. प्राण पणाला लागला असता त्यांपैकी एक म्यानातच राहून मरण यावे, हे त्यांना मान्य नव्हते. लांब तलवार एका हाताने पेलण्याचा सराव व्हावा, हाही त्यांचा हेतू होता.

१६४५ च्या पाचव्या चांद्र महिन्यात, मृत्यूपूर्वी सुमारे एक आठवडा, त्यांनी हा ग्रंथ शिष्य तेराओ मागोनोजो यास सुपूर्द केला. त्याच सुमारास 'दोक्कोदो' (एकट्याने चालावयाचा मार्ग) हे एकवीस वचनांचे छोटे टिपण लिहिले. सुखासक्ती, मत्सर, पश्चात्ताप, विरहदुःख यांपासून अलिप्त राहण्याचा आणि देवादिकांचा आदर करूनही त्यांच्या साहाय्यावर विसंबून न राहण्याचा निर्धार त्यात व्यक्त झाला आहे. ग्रंथाची मूळ हस्तलिखित प्रत आज उपलब्ध नसून शिष्यपरंपरेतील प्रतींवरून तो ज्ञात आहे. अंतिम मजकुरात शिष्यांचा हात किती, याविषयी त्यामुळे चर्चा होत असते.

चित्रकला

मुसाशी यांची शाईने रंगविलेली काही चित्रे सुरक्षित आहेत. ती 'नितेन' या नावाने ओळखली जातात. वाळक्या फांदीच्या टोकावर बसलेला खाटीक पक्षी हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. खालून वर एकाच झेपेत ओढलेली ती उंच फांदी, टोकावर सावध बसलेला पक्षी आणि फांदीवरून वर सरकणारी एक अळी एवढेच त्यात आहे. जपान शासनाने या चित्राला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला आहे. रानहंस, बोधिधर्म आणि कोंबड्यांची झुंज पाहणारा होतेइ हे त्यांच्या चित्रांचे अन्य विषय आहेत. चित्रकलेत आपणास कोणी गुरू नव्हता, युद्धविद्येचे तत्त्वच आपण इतर कलांना लावले, असे त्यांनी लिहिले आहे.

आख्यायिकेची जडणघडण

मुसाशी यांच्या निधनानंतर शतकभरात त्यांची कथा रंगभूमीवर आली. १७३७ मध्ये ओसाका येथे गान्र्यू बेटाच्या सूडकथेवर नाटक झाले. नाटकाला खलनायक हवा असल्याने गान्र्यू दुष्ट ठरला व मुसाशी पित्याचा सूड घेणारा सुपुत्र झाला. एकोणिसाव्या शतकात उतागावा कुनियोशी आदी चित्रकारांनी लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांतून त्यांना अद्भुत पराक्रमांचा नायक बनविले.

विसाव्या शतकात १९३२ च्या सुमारास लेखकांमध्ये मुसाशी यांच्या योग्यतेवरून वाद झाला. नाओकी सांजुगो यांनी ते खरोखर थोर खड्गधर होते काय, अशी शंका घेतली. किकुची कान यांनी त्यांची बाजू घेतली. या वादाच्या पार्श्वभूमीवर योशिकावा एइजी यांची 'मियामोतो मुसाशी' ही प्रदीर्घ कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात 'आसाही शिंबुन' या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. उद्दाम ताकेझोचा आत्मशोधक मुसाशी होणे हे तिचे सूत्र आहे. त्यांची प्रेयसी ओत्सू ही कल्पित व्यक्तिरेखा आहे. मार्गदर्शक झेन भिक्षू ताकुआन हे ऐतिहासिक पुरुष असले, तरी त्यांची व मुसाशी यांची भेट झाल्याचा पुरावा नाही. आज सर्वसामान्य जपानी माणसाच्या मनातील मुसाशी मुख्यतः या कादंबरीतील आहे. ती गान्र्यू बेटावरील द्वंद्वाशी संपते. पुढील तेहतीस वर्षे, ग्रंथ, चित्रे आणि आत्मपरीक्षण हे सारे तिच्या कक्षेबाहेर राहते.

या कादंबरीवर अनेक चित्रपट निघाले. इनागाकी हिरोशी दिग्दर्शित व मिफुने तोशिरो अभिनीत चित्रपटत्रयी (१९५४–५६) त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध असून तिच्या पहिल्या भागास मानद ऑस्कर पुरस्कार मिळाला. इनोउए ताकेहिको यांची 'व्हॅगाबाँड' ही १९९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली चित्रकथामालिकाही याच कादंबरीवर आधारित आहे.

वारसा

मुसाशी यांचे घराणे 'ह्योहो नितेन इचि-र्यू' या नावाने आजही जपानमध्ये शिकविले जाते. 'गोरिन नो शो'ची अनेक भाषांत भाषांतरे झाली आहेत. १९७४ च्या इंग्रजी भाषांतरानंतर पाश्चात्त्य देशांत, विशेषतः जपानच्या आर्थिक भरभराटीचे रहस्य शोधणाऱ्या व्यवस्थापकांत, तो लोकप्रिय झाला. स्पर्धेत जिंकण्याचे पुस्तक म्हणून तो अशा वेळी वाचला जातो. जिंकणे पुरेसे नाही, या त्याच्या पहिल्याच पानावरील कबुलीकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते.

कुमामोतो येथील मुसाशीझुका उद्यानात त्यांची समाधी दाखवितात. रेइगान्दो गुहा आणि तामुके टेकडीवरील शिलालेखही पाहता येतात. शिमोनोसेकी येथून होडीने गान्र्यू बेटावर जाता येते. तेथे मुसाशी व कोजिरो यांचे लढण्याच्या आवेशातील पुतळे समोरासमोर उभे आहेत.